अकरा नरसाळी आणि दहा हजार घरे

ज्या गृहस्थाच्या दप्तरी तीन रकान्यांचा एखादा तक्ता पडून आहे, म्हणजे पहिल्या रकान्यात रेखांश, दुसऱ्यात अक्षांश आणि तिसऱ्यात पाऊस, उंची, विहिरींची पाणीपातळी किंवा जे काही मोजण्याची त्याला हौस अथवा सक्ती असेल ते, त्या गृहस्थाला आज ना उद्या त्या तक्त्याचा पृष्ठभाग करण्याची बुद्धी होतेच. तक्ता हा स्वभावतः सत्यवचनी असतो. जेथे मोजले तेथले तो सांगतो आणि जेथे मोजले नाही तेथल्याविषयी चकार शब्द काढीत नाही. परंतु अबोल दस्तऐवजाला सभेत मान नाही. त्याच आकड्यांवर एक जाळे पांघरून, त्याला उंचवटे आणि खळगे काढून, वर निळ्यापासून तांबड्यापर्यंतचे रंग चढवले, की ज्या मंडळींनी तक्त्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते ती खुर्च्या पुढे ओढतात. या रूपांतरात आकडे होते तेवढेच राहतात, ज्ञानही होते तेवढेच राहते, वाढतो तो आत्मविश्वास; आणि तो कोठून येतो हे जवळून पाहण्याची संधी मला माझ्या भाचीच्या प्रबंधामुळे मिळाली.

ही भाची पुण्यास भूगोल विषय घेऊन एम.एस्सी. करते आणि तिच्या प्रबंधाचा विषय सातारा जिल्ह्यातील पर्जन्याचे वितरण हा आहे. विषयाची निवड शहाणपणाची म्हटली पाहिजे, कारण पावसाच्या बाबतीत इतका पक्षपात सोसलेला जिल्हा शोधूनही सापडायचा नाही. पश्चिमेच्या कड्यावर महाबळेश्वरास वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, पूर्वेस माण तालुक्यात दहिवडीकडे पाचशेच्या आतबाहेर, आणि या दोन टोकांमधले सरळ अंतर शंभर किलोमीटरदेखील नाही. जिल्ह्यात तालुके अकरा. तेव्हा तिने तालुक्याच्या अकरा ठिकाणांचे जुने, सलग आणि विश्वासार्ह आकडे मिळवले, त्यांची वार्षिक सरासरी काढली आणि अकरा ओळींची एक फाईल सिद्ध केली. आकडे मिळवण्यासाठी तिला ज्या चौकातून जा-ये करावी लागली त्याला पुणेकर अद्याप सिमला ऑफिस म्हणतात, कारण हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले; ते पुढे दिल्लीस गेले त्यालाही आता किती वर्षे लोटली, पण बसच्या थांब्याने सिमला सोडलेला नाही.

हे आकडे उत्पन्न कसे होतात हे एकदा डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे. कचेरीच्या आवारात, झाडांपासून आणि भिंतींपासून पुरेशा अंतरावर, कुंपण घालून एक नरसाळे उभे केलेले असते. त्याच्या पोटातल्या बाटलीत चोवीस तासांचा पाऊस साठतो. आणि सकाळी ठीक साडेआठ वाजता एक कारकून ती बाटली मोजपात्रात ओततो, पात्र डोळ्यांच्या पातळीवर धरतो आणि पाण्याच्या वक्र पृष्ठाचा तळ कोणत्या रेघेला टेकला ते पाहून वहीत नोंद करतो. साडेआठ वाजून एका मिनिटाने कोसळलेली सर दुसऱ्या दिवसाच्या खाती जमा होते आणि त्याविरुद्ध अपील नाही. अशा नरसाळ्याचे तोंड दोनशे चौरस सेंटिमीटर धरले, तर अकरांचे मिळून दोन हजार दोनशे होते, म्हणजे दैनिकाच्या एका पानाएवढे. जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,४८० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे दैनिकाच्या एका पानावर जो पाऊस पडला त्यावरून प्रतापगडापासून शंभू महादेवाच्या डोंगरापर्यंतच्या सर्व पावसाचा निकाल द्यावयाचा, अशी ही जबाबदारी आहे. आणि आश्चर्य हे, की ती अकरा नरसाळी आपापल्या जागी अत्यंत प्रामाणिकपणे वागत असतात. घोटाळा होतो तो मधल्या जागेत.

पृष्ठभागाकडे वळण्यापूर्वी एका लहानशा अपघाताचा उल्लेख करतो, कारण या मार्गावर पाऊल टाकणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना तो होतोच. आपण बोलताना नेहमी आधी अक्षांश आणि मग रेखांश म्हणतो. चित्र काढणाऱ्या यंत्राला मात्र आधी आडवे अंतर हवे असते आणि मग उभे, म्हणजे आधी रेखांश. बोलण्याच्या सवयीने रकाने भरले गेले, की १७.९२ अक्षांश आणि ७३.६६ रेखांश असलेले महाबळेश्वर अदलाबदल होऊन नॉर्वेच्याही उत्तरेस, बेअर आयलंड नावाच्या बेटाच्या दक्षिणेला भर समुद्रात जाऊन पडते. तेथे साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस दाखवण्यास यंत्राची काहीच हरकत नसते. स्ट्रॉबेरीचे काय होईल, एवढाच प्रश्न उरतो.

आता मुख्य अडचण. सामान्य मनुष्याची अशी समजूत असते, की स्थळ आणि मूल्य दिले म्हणजे यंत्राला आणखी काही लागू नये. परंतु पृष्ठभाग काढणारी प्रणाली ही जुन्या शिरस्त्यातील कचेरीच्या वळणावर गेलेली आहे. अर्ज विहित नमुन्यात असल्याखेरीज ती तो दाखलच करून घेत नाही, आणि तिचा विहित नमुना तीन रकाने हा नाही. तिला हवे असते आडव्या आणि उभ्या समान अंतरांच्या रेघांनी आखलेले कोष्टक, ज्याच्या प्रत्येक घरात एक आकडा भरलेला आहे आणि एकही घर मोकळे नाही. भाचीने प्रथम एक्सेलला साकडे घातले. एक्सेलने ते तीन रकाने तीन स्वतंत्र मालिका मानले आणि रेखांशाची एक पट्टी, अक्षांशाची एक पट्टी आणि पावसाची एक पट्टी अशा तीन पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. त्यांत रेखांश आणि अक्षांश बिचारे जमिनीला चिकटून होते आणि पाऊस गगनाला भिडला होता. पुढे तिने कोष्टक हाताने आखून दिले तेव्हा एक्सेलने ते स्वीकारले खरे, पण त्यातले रेखांश-अक्षांश हे अंतर दाखवणारे आकडे आहेत ही गोष्ट त्याने मान्य केली नाही. त्याच्या लेखी ती नुसती नावे, म्हणून वाईहून मेढा आणि वाईहून दहिवडी ही अंतरे त्याने समान धरली. इतकी निरपेक्ष समता आपल्या एस.टी. महामंडळालाही आजवर साधलेली नाही.

नंतर पाळी आली ग्नूप्लॉटची. ही प्रणाली १९८६ सालची, म्हणजे या क्षेत्रात आजोबांच्या वयाची, आणि तिचा एक नियम मला फार आवडला. तिच्या फाईलमध्ये कोष्टकाची एक ओळ संपली की एक रिकामी ओळ सोडावी लागते. त्या रिकाम्या ओळीत काही लिहावयाचे नसते, पण ती नसेल तर प्रणालीला एक रांग कोठे संपली आणि दुसरी कोठे लागली याचा बोध होत नाही आणि ती पृष्ठभागाऐवजी एकच अखंड रेघ ओढून मोकळी होते. भाचीच्या पडद्यावर महाबळेश्वराहून निघालेली अशी एक रेघ फलटणला जाऊन कराडला आली, तेथून खंडाळ्यास गेली आणि पाटणला पोहोचून संपली.

“मामा, हा पृष्ठभाग नाही, हा लोकसभेचा प्रचारदौरा आहे,” भाची म्हणाली.

“मग रिकाम्या ओळी सोड की,” मी म्हणालो.

“कुठे सोडू? आपले ठिपके रांगेत आहेतच कुठे?”

हे खरे होते. छत्रपतींनी किंवा त्यांच्या मागून आलेल्या इंग्रजांनी कचेऱ्या समान अंतराच्या काटकोनी रांगांत बांधल्या असत्या तर या मुलीचे काम एका दुपारी झाले असते. पण त्यांनी त्या जेथे पाणी, वाट आणि बाजार होता तेथे बांधल्या, आणि त्या दूरदृष्टीच्या अभावाची फळे आज भूगोलाच्या विद्यार्थ्यांना भोगावी लागत आहेत. मॅटलॅबचे म्हणणेही याहून वेगळे निघाले नाही. तिसरी राशी रकान्याच्या रूपात चालणार नाही, ती कोष्टकाच्याच रूपात पाहिजे, असा एक तांबड्या अक्षरांतला शेरा मारून त्याने अर्ज परत केला.

तेव्हा कोष्टक करणे आले. भाचीने जिल्ह्यावर शंभर आडव्या आणि शंभर उभ्या अशा रांगा आखल्या. घरे झाली दहा हजार. त्यांतल्या अकरा घरांत प्रत्यक्ष साक्षीदार आहेत. उरलेल्या नऊ हजार नऊशे एकोणनव्वद घरांत जे काही लिहिले जाईल तो कोणत्याही न्यायालयात ऐकीव पुरावा ठरेल. तथापि भरावयाचे तर सगळेच. आणि कसे भरावे याविषयी शास्त्रज्ञांत जे मतभेद आहेत ते पाहिले म्हणजे आपल्याकडील जमिनीचे दावे अगदीच एकतर्फी वाटू लागतात.

पहिला मार्ग अमेरिकेच्या हवामान खात्यातील आल्फ्रेड थिसेन यांनी १९११ साली एका लहानशा लेखात सांगितलेला. प्रत्येक घराने आपल्या सर्वांत जवळचे नरसाळे पाहावे आणि त्याचा आकडा जसाच्या तसा उचलावा, म्हणजे जिल्ह्याची अकरा बहुभुजांत वाटणी होते. पाटबंधारे खात्यातील तीन पिढ्यांनी याच पद्धतीने पाणलोटाचे हिशेब केले. हिशेबास ती उत्तम आहे. पृष्ठभागास मात्र नाही, कारण तिने काढलेला जिल्हा अकरा सपाट पठारांचा होतो आणि प्रत्येक दोन पठारांच्या मध्ये उभा कडा राहतो. महाबळेश्वर आणि वाई यांच्या अर्ध्या वाटेवर एखाद्या शेतकऱ्याचे वावर असेल, तर त्याच्या एका बांधावर साडेपाच हजार मिलिमीटर आणि दुसऱ्या बांधावर वाईचा आकडा, जो हजाराच्याही आत आहे. असा बांध जिल्ह्यात असता तर त्याच्यावरून पिढ्यान्‌पिढ्या खून पडले असते.

दुसरा मार्ग त्रिकोणांचा. रशियन गणिती बोरिस डेलोने यांनी १९३४ साली सांगितले, की ठिपक्यांचे त्रिकोण असे जुळवावे की कोणत्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळात चौथा ठिपका येणार नाही; म्हणजे लांबलचक, सुईसारखे त्रिकोण होता होईतो टळतात. डेलोने हे स्वतः नावाजलेले गिर्यारोहक होते, तेव्हा उतारांविषयी बोलण्याचा त्यांना अधिकार होता. या त्रिकोणांवर कापड ताणून बसवले की सलग पृष्ठभाग मिळतो, पण बाहेरच्या ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघेच्या पलीकडे तो एक पाऊलही टाकीत नाही. तेथे कोरी जागा. आता महाबळेश्वर आणि पाटण यांना जोडणारी रेघ नकाशावर ओढून पाहिली, तर कोयनानगर तिच्या पश्चिमेस, म्हणजे बाहेर राहते. ज्या पावसावर १०५ टी.एम.सी.चे धरण भरते, ज्याच्यावर महाराष्ट्राचे दिवे लागतात, आणि ज्याचा आकडा पावसाळ्यात कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर अशा ठरलेल्या क्रमाने रोज वर्तमानपत्रात येतो, तो पाऊस या पद्धतीच्या मते सातारा जिल्ह्यात पडतच नाही.

तिसरा मार्ग डोनाल्ड शेपर्ड यांचा. १९६८ साली तो प्रसिद्ध झाला तेव्हा हे गृहस्थ हार्वर्डमध्ये पदवीचे विद्यार्थी होते, ही गोष्ट मी भाचीस मुद्दाम ऐकवली आणि तिने मुद्दाम ऐकली नाही. त्यांचे म्हणणे, की प्रत्येक घराने सगळ्याच नरसाळ्यांचे मत घ्यावे, पण जवळच्याला मान अधिक द्यावा आणि दूरच्याला अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी. तत्त्व न्याय्य आहे आणि ग्रामपंचायतीत चालण्यासारखे आहे. परंतु सगळ्यांचे मत घेऊन काढलेली सरासरी कधीच सर्वांत मोठ्या आकड्याच्या वर किंवा सर्वांत लहानाच्या खाली जात नाही, म्हणून ज्या वर्षी नवजाने महाबळेश्वरास मागे टाकले त्या वर्षीही नवजाच्या नशिबी दुय्यम स्थानच येते, कारण त्याचे नरसाळे फाईलमध्ये नाही. शिवाय प्रत्येक ठिपक्याभोवती एकात एक वर्तुळे उमटतात. भाचीच्या चित्रात महाबळेश्वराभोवती अशी सुबक वर्तुळे पडली होती, की ढग सह्याद्रीवर आदळून येथे पाऊस पडतो हे ठाऊक नसलेल्या मनुष्याला वाटावे, पाऊस बाजारपेठेच्या मध्यावरून चोहीकडे समान वाटला जातो.

चौथा मार्ग मला सर्वांत रोचक वाटला. तो वक्रतेचा: लवचिक पातळ पत्रा अकराही ठिपक्यांना टेकेल असा कमीत कमी वाकवावयाचा. असे पृष्ठभाग दिसावयास फार देखणे असतात, कोठे कंगोरा नाही, कोठे खाच नाही. पण पत्र्याची सवय अशी, की त्याला महाबळेश्वराहून वाईपर्यंत एकदम खाली उतरवले की तो उतरण्याच्या वेगात जरा अधिकच खाली जातो, आणि जिल्ह्याच्या कडेला, जेथे त्याला धरून ठेवणारे नरसाळे नाही, तेथे तर उताराच्याच रोखाने पुढे घसरत राहतो. परिणामी दहिवडीच्या पूर्वेस, म्हसवडच्या बाजूला, पाऊस शून्याच्या खाली गेला. माणदेशाने दुष्काळ पुष्कळ सोसले, पण उणे पाऊस हा प्रकार त्याच्याही वाट्याला आजवर आला नव्हता. त्याचा अर्थ कसा लावावा? तेथील जमिनीतून पाणी वर आकाशात जाते, असा? की म्हसवडकरांकडे निसर्गाची पावसाची बाकी निघते, आणि ती तगाईच्या वसुलीप्रमाणे हप्त्याहप्त्याने भरून घ्यावयाची, न भरल्यास मेंढरांची जप्ती, असा? भाचीने एका ओळीची आज्ञा देऊन सर्व उणे आकडे शून्य केले. इतकी सरसकट आणि बिनअर्ज कर्जमाफी माणदेशाने कधी अनुभवली नसेल.

उणे आकड्याचा एक प्रामाणिक उपयोगही असतो, हे येथे सांगितले पाहिजे. हवामान खाते सबंध देशाच्या पावसाचे असेच कोष्टक प्रसिद्ध करते. १९०१ सालापासूनचे, पाव अंशाच्या घरांचे, आडवी १३५ आणि उभी १२९ घरे. समुद्रावरच्या आणि परमुलखातल्या घरांत तेथे उणे ९९९ असा आकडा लिहिलेला असतो आणि त्याचा अर्थ, येथले आम्हांस विचारू नका, असा आहे. सरकारी कागदात अज्ञानाची इतकी निःसंदिग्ध कबुली क्वचितच मिळते. परंतु जो हा संकेत न जाणता चित्र काढतो त्याच्या नकाशावर अरबी समुद्राच्या जागी पावसाचा एक मीटर खोल खड्डा पडतो. आणि पाव अंश म्हणजे आपल्याकडे सुमारे सत्तावीस किलोमीटर; एवढ्या घरात महाबळेश्वर आणि पाचगणी ही दोन्ही गावे मावतात, मग त्यांच्या पावसात निम्म्याहून अधिक फरक असला तरी बिचाऱ्यांना एकाच आकड्यावर संसार करावा लागतो.

आमच्या शेजारी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक उपअभियंता राहतात. या सर्व खटाटोपाचा सुगावा लागताच ते जुन्या ट्रेसिंग कापडाची एक गुंडाळी घेऊन आले. त्यावर याच जिल्ह्याच्या समपर्जन्यरेषा त्यांनी नोकरीच्या उमेदीत हाताने काढलेल्या होत्या, काळ्या शाईत, फ्रेंच कर्व्ह लावून, आणि प्रत्येक रेषेवर पावसाचा आकडा इंचांत. त्या रेषा घाटमाथ्याला समांतर अशा उत्तर-दक्षिण धावत होत्या; माथ्यापाशी त्यांची इतकी दाटी होती की शाईला शाई लागावी, आणि पाचगणी ओलांडून पसरणीचा घाट उतरला की त्या एकदम सैल होऊन पूर्वेकडे लांब लांब पडत गेल्या होत्या.

“काका, मधल्या जागेतला पाऊस तुम्ही कुठल्या सूत्राने काढला?” भाचीने विचारले.

“सूत्र कसलं, पोरी? वाईची एस.टी. धरायची आणि खिडकीशी बसायचं. पाचगणीपर्यंत काच लावलेली असते. घाट उतरायला लागलं की कुणीतरी काच उघडतं. तिथं एक रेघ.”

मी त्या नकाशाकडे आणि पडद्यावरच्या पृष्ठभागाकडे आळीपाळीने पाहिले. चारही पद्धतींना तीन रकाने ठाऊक होते आणि साहेबांना सह्याद्री ठाऊक होता. वारा कोणत्या बाजूने येतो, तो कोठे चढतो, पाणी कोठे टाकतो आणि उतरताना कसा कोरडा होतो, हे त्यांच्या रेघेत होते आणि कोणत्याही वर्गमुळात नव्हते. अंतर समान असले तरी माथ्यावरून पूर्वेकडचे आणि माथ्यावरूनच दक्षिणेकडचे किलोमीटर सारखे नव्हेत, ही गोष्ट यंत्राला सांगावयाची तर चौथा रकाना उंचीचा, पाचवा घाटमाथ्यापासूनच्या अंतराचा, असे करीत जावे लागते, आणि ते करणारी मंडळीही आहेत. पण त्यासाठी अकरा नरसाळी पुरत नाहीत. प्रबंधाच्या मार्गदर्शकांनी साहेबांचा नकाशा मोठ्या आदराने पाहिला आणि व्यक्तिनिष्ठ म्हणून बाजूस ठेवला. उणे पावसाचा पृष्ठभाग वस्तुनिष्ठ होता.

हाताने रेघ ओढण्याची ही परंपरा लहानसहान नाही. १७७४ साली पृथ्वीचे वजन करण्याच्या हेतूने नेव्हिल मॅस्केलाइन हे ज्योतिर्विद स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन नावाच्या डोंगराशी मुक्काम ठोकून राहिले होते. डोंगराच्या ओढीने ओळंबा किती कलतो ते त्यांनी मोजले, आणि डोंगराचे वस्तुमान काढण्याचे किचकट काम चार्ल्स हटन या गणितज्ञाकडे आले. हटनच्या टेबलावर काय पडले असेल? डोंगरावरच्या असंख्य जागा आणि प्रत्येकीची उंची. म्हणजे आपलेच तीन रकाने. कागदभर विखुरलेल्या त्या आकड्यांतून काही बोध होईना, तेव्हा त्याने समान उंचीच्या ठिकाणांतून पेन्सिलीची पुसटशी रेघ ओढली आणि डोंगर कागदावर उभा राहिला. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर आपण आज ज्या तपकिरी रेषांवर बोट फिरवीत गड चढतो त्यांच्या पूर्वजांत या पेन्सिलीची गणना होते. हटनने ही रेघ केवळ हिशेबाच्या सोयीसाठी ओढली होती, कोणास सभेत दाखवण्यासाठी नव्हे, म्हणून तिला रंगही नव्हता.

पाचव्या मार्गाची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण तो सर्वांत सज्जन आहे आणि सज्जनांविषयी फार लिहिता येत नाही. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत डॅनी क्रिग नावाचे अभियंते होते. मोजक्या छिद्रांतून काढलेल्या नमुन्यांवरून मधल्या खडकात सोने किती असेल याचा अंदाज बांधण्याची रीत त्यांनी १९५१ च्या सुमारास मांडली, आणि फ्रान्समधल्या जॉर्ज मॅथेरॉन यांनी तिचे शास्त्र करून तिला क्रिग यांचेच नाव दिले. या क्रिगिंगचा विशेष हा, की ते एका चित्राबरोबर दुसरे चित्रही काढून देते: पहिल्यात अंदाज, दुसऱ्यात त्या अंदाजावर कोठे किती विश्वास ठेवावा याचा हिशेब. भाचीने दोन्ही चित्रे काढली. दुसऱ्यात अकरा ठिपक्यांपाशी तेवढा उजेड होता आणि बाकीचा जिल्हा अंधारात होता. पृष्ठसंख्येची मर्यादा लक्षात घेऊन ते चित्र गाळावे, वाचकाचा विनाकारण गोंधळ होतो, असा सल्ला तिला मिळाला.

रंगांचे प्रकरण निराळेच. पूर्वी या प्रणाली कमी आकड्यास निळा आणि जास्तीस तांबडा रंग आपण होऊन देत. मॅटलॅबने तो इंद्रधनुषी परिपाठ २०१४ साली बदलला, परंतु सवय झालेली मंडळी तो अद्याप आवर्जून लावतात. हवामानाच्या नकाशात मात्र तांबडा म्हणजे तूट, असे आपल्या डोळ्यांना वळण लागलेले. मार्गदर्शकांच्या आग्रहावरून हा पृष्ठभाग पाणीटंचाईच्या एका सभेत दाखवण्यात आला. अध्यक्षस्थानी असलेल्या अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला, महाबळेश्वरावरच्या तांबड्या सुळक्यावर बोट ठेवले आणि विचारले, “या भागात यंदा टँकर किती लागतील?” भाचीने समजावून सांगण्यासाठी तोंड उघडले, तेवढ्यात मागच्या रांगेतून जावळी-महाबळेश्वरकडचे एक ग्रामसेवक उठले आणि त्यांनी वाड्यावस्त्यांच्या नावांनिशी टँकरांची संख्या सांगितली. कारण कातळावरून पावसाळ्यात वाहून गेलेले पाणी मे महिन्यात परत येत नाही आणि तेथल्या वाड्यांना टँकर खरोखरच लागतात. आकृती उलटी वाचली गेली आणि निर्णय बरोबर झाला; इतिवृत्तात तो आकृतीच्या आधारे झाला अशी नोंद आहे.

त्याच सभेत एका शेतकऱ्याने जो प्रश्न केला त्याला मात्र कोणी उत्तर दिले नाही. आपल्याकडे चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टी, आणि हा आकडा महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा धरावयाचा. त्याचा सोयाबीन पाण्यात गेला त्या दिवशी मंडळाच्या गावी चौसष्ट नोंदला गेला होता. “तुमच्या ह्या जाळीत माझ्या रानाचं घर कुठलं, आणि त्यात किती लिहिलंय?” एवढेच त्याला हवे होते. भाचीने ते घर शोधले. थिसेनच्या मते एक आकडा, शेपर्डच्या मते दुसरा, पत्र्याच्या मते तिसरा. त्याने तिन्ही उतरवून घेतले आणि त्यांतला मोठा कोणाचा, हे दोनदा विचारून घेतले.

मौखिक परीक्षेस बाहेरगावचे एक ज्येष्ठ प्राध्यापक आले होते. भाचीने तिन्ही रकाने, अकरा नरसाळी आणि पाच पद्धती यांवर उत्तरे घोकून ठेवली होती, परंतु प्राध्यापकांनी पहिलाच प्रश्न विचारला तो, हे चित्र फिरते का, असा. फिरते, म्हणून तिने माऊस त्यांच्या हाती दिला. त्यांनी जिल्हा प्रथम डावीकडे फिरवला, मग उजवीकडे. पश्चिमेकडून पाहिले तेव्हा महाबळेश्वराच्या सुळक्याआड माण आणि खटाव हे दोन्ही तालुके संपूर्ण दिसेनासे झाले, त्यावर ते “प्रशासकीय दृष्टीने यथार्थ आहे” असे उद्गारले. मग त्यांनी तो वरून पाहिला, आणि शेवटी माऊस हळूहळू ओढीत सबंध सातारा जिल्हा उलथा करून खालून पाहिला. पुढचा सर्व वेळ त्यांनी तेथेच काढला. खालून तो अधिक समतोल दिसतो, असे त्यांचे मत पडले, आणि प्रबंधाच्या मुखपृष्ठावर तीच बाजू छापावी अशी सूचना करून त्यांनी भाचीस प्रथम वर्गाचे गुण दिले.